आणे
पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील, पूर्व सीमेलगतच्या पठारावर वसलेले गाव. कल्याण–नगर मार्गाने आळेफाटा मागे टाकून आणे घाट चढू लागताच गुळुंचवाडीनजीक सडक ज्या नैसर्गिक दगडी पुलावरून जाते, तो वाहनातील प्रवाशास दिसतच नाही. खाली ओढ्यात, मळगंगेच्या देवळाकडे उतरावे, तेव्हाच कातळाची ती कमान माथ्यावर उभी ठाकते. माणसाने बांधलेले, जर्मनीतील कोलोनचे भव्य कॅथीड्रल १२४८ मध्ये आरंभिले जाऊन १८८० मध्ये पुरे झाल्याची नोंद दप्तरी आहे. या ओढ्याने मात्र आपल्या कारागिरीचे दप्तर ठेवलेले नाही. गावातील रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीच्या यात्रेत प्रचंड कढयांत आमटी शिजते, पंचक्रोशीतून भाकऱ्या येतात, आणि पंगतीस बसून त्या आमटीत भाकरी कुस्करल्यावाचून कोणी आणे पाहिले असे म्हणू नये.