गप्प मुलांच्या अभ्यासाकडे

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या शाळेत एखादे मूल बोलत नसेल, तर शिक्षक आधी भाषेवर बोट ठेवतात. बहुधा ते बरोबरही असते. घरी गोंडी किंवा कोलामी, बाजारात मराठी, फळ्यावर तेलुगू. परधान जमातीची तर घरची बोली मराठी, आणि किकरी या तंतुवाद्याच्या साथीने गोंडांच्या पुराणकथा गोंडीत गाणारेही परंपरेने तेच. पण भाषा जुळल्यावरही काही मुले गप्पच राहतात. वर्गातला गलका, वासाचा भपकारा, मोठ्यांचा चढलेला आवाज त्यांना इतरांपेक्षा जास्त लागतो. अशा मुलांचा विचार करणारे एक अभ्यासक्षेत्रच आहे.

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी कार्ल युंग यांनी १९२१ साली रूढ केली. अतिसंवेदनशीलता मात्र वेगळी, असे मानसशास्त्रज्ञ एलेन आणि आर्थर एरन यांनी १९९७ मध्ये मांडले. एलेन एरन यांच्या अंदाजानुसार अतिसंवेदनशील माणसांपैकी सुमारे तीस टक्के चक्क बहिर्मुख असतात. म्हणजे चारचौघांत रमणारा माणूसही घरी येऊन दार लावून पडू शकतो. मायकेल प्लुएस आणि सहकाऱ्यांच्या २०१८च्या अभ्यासात सुमारे ३१ टक्के लोक अधिक, ४० टक्के मध्यम आणि २९ टक्के कमी संवेदनशील आढळले. त्यांचा दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो: अशा मुलांना वाईट वातावरण जसे जास्त बाधते, तसे चांगले वातावरण जास्त मानवतेही.

अंतर्मुखतेला किंवा अशा हळवेपणाला न्यूरोडायव्हर्सिटी, म्हणजे मेंदूंचे वैविध्य, म्हणावे का? ही संकल्पना १९९०च्या दशकात स्वमग्न व्यक्तींच्या आपसांतल्या चर्चेतून घडली. ज्युडी सिंगर यांचे नाव तिला जोडले जाते, पण ती एकटीची निर्मिती नव्हे. मेंदूंच्या घडणीत वैविध्य असतेच, या अर्थाने अंतर्मुखता तिच्यात बसते. तरी हात राखून. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. अंतर्मुखता नाही, आणि नसावी. ज्याला खरोखर सवलत हवी, त्याच्या रांगेत हळव्या माणसाने घुसू नये.

आदिलाबादेत मात्र गुंता निराळाच आहे. अनुसूचित जमाती ठरवण्यासाठी लोकूर समितीने १९६५ मध्ये जे पाच निकष दिले, त्यांत बाहेरच्या समाजाशी संपर्काचा बुजरेपणा हाही एक. म्हणजे मानसशास्त्र जो गुण एकेका माणसात शोधते, तो सरकारी कागदाने अख्ख्या जमातीच्या नावावर चढवून ठेवला! कोलाम हे विशेष दुर्बल आदिवासी गटांत मोडतात आणि ते बुजरे आहेत असे सहज बोलले जाते. गोंडांच्या गावात स्थानिक देवांच्या पूजेला मात्र परंपरेने कोलाम पुजारीच लागतो. तिथे त्याचा बुजरेपणा कुणाला दिसत नाही. जंगल खात्याचा शिपाई, सावकार, कचेरी यांच्यापासून चार हात दूर राहणे हे पिढ्यांच्या अनुभवातून आलेले शहाणपण आहे. त्याला स्वभाव म्हणणे मला मान्य नाही. आणि प्रत्येक कोलाम पाड्यावर बडबडी मुलेही असतात, हे सांगावे लागते हेच नवल.

मानसशास्त्रज्ञ शिन्यिन चेन यांचे शांघायमधले काम इथे उपयोगी पडते. १९९० मध्ये लाजरी, हळवी मुले तिथल्या वर्गांत आवडती होती. २००२ पर्यंत तशाच मुलांना सवंगडी टाळू लागले होते. मधल्या काळात बाजारपेठ खुली झाली होती आणि पुढे पुढे करणाऱ्याची किंमत वाढली होती. आश्रमशाळेच्या वसतिगृहात शिरताना आपल्या मुलांचे असे काही होते का, हा प्रश्न इथल्या अभ्यासकासाठी मोकळा आहे.

त्यासाठी एरन यांची संवेदनशीलता मोजणारी सत्तावीस प्रश्नांची यादी नुसती भाषांतरित करून भागणार नाही. जवळून वाजणारा भोंगा, खरखरीत कापड, कॅफिनचा परिणाम असे प्रश्न तिच्यात आहेत. जिल्ह्यातल्या उटनूरच्या डोंगरात भोंगा क्वचितच, पण दिवाळीत गोंडांच्या दंडारी उत्सवाचे ढोल गावोगाव घुमतात, मोरपिसांचे मुकुट घालून गुस्साडी नर्तक नाचतात. हळवे मूल तेव्हा कान झाकते, की सगळ्यांत शेवटी घरी परतते? प्लुएस यांच्या मांडणीप्रमाणे दोन्ही शक्य आहे. ते त्याला गोंडीतून किंवा कोलामीतूनच विचारायला हवे, आणि शक्यतो शाळेच्या आवाराबाहेर.