चार वाजून सहा मिनिटं

आमच्या जेऊरकडे ज्वारीची काढणी उरकली की वस्तीवस्तीवर कडब्याच्या गंजी उभ्या राहतात. गंजी आतून धुमसायला लागली तर काय करायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पेंढ्या ओढून बाहेर फेकायच्या आणि गंजी मोडायची. वरून कितीही घागरी ओतल्या तरी पाणी कडेनं गळून जातं, आतला विस्तव तसाच राहतो. आणि गंजी गोठ्याला लागून असेल, तर सगळ्यात आधी जनावरांची दावी कापायची. विझवणं नंतर.

१४ एप्रिलला गावात जयंतीची मिरवणूक असते. त्याच दिवशी देशभरातले बंबवाले अग्निशमन सेवा सप्ताह सुरू करतात आणि १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात गेलेल्या आपल्या माणसांना मानवंदना देतात. त्या दिवशी गोदीत कर्नल होते, कॅप्टन होते, दारूगोळ्याचे जाणकार होते, बंबांचे प्रमुख होते. दावी मात्र कुणी कापली नाहीत.

फेब्रुवारी ते एप्रिल

'फोर्ट स्टिकीन' हे सात हजार टनांचं मालवाहू जहाज १९४२ साली कॅनडात बांधलं गेलं. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात १,३९५ टन दारूगोळा होता: तोफगोळे, सुरुंग, पाणतीर. त्यातला २३८ टन माल अतिसंवेदनशील, 'अ' वर्गातला. शिवाय लढाऊ विमानं, आणि ३१ पेट्यांत प्रत्येकी चार अशा सोन्याच्या १२४ विटा.

कराचीत विमानं उतरली आणि रिकामी झालेली जागा भरायची ठरली. कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी चढल्या. वंगणाचं तेल, लाकूड, भंगार लोखंड, गंधक, राळ, तांदूळ आणि माशांचं खतही चढलं. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांना हा शेजार पसंत नव्हता, पण युद्धाच्या दिवसांत जहाजात रिकामी जागा ठेवणं म्हणजे गुन्हाच. जहाजाच्या पोटातल्या कोठाराला गोदीतली माणसं फाळका म्हणतात. दोन नंबरच्या फाळक्यात तळाला कापूस रचला गेला आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं.

खाली चूल आणि वर दारूची कोठी, असं हे बांधकाम. पेटवायला काडीच हवी होती.

पुढच्याच वर्षी, मार्च १९४५ मध्ये, अमेरिकी विमानांनी टोकियोवर आगबॉम्ब टाकले. लाकडी घरांची वस्ती कशी पेटते, आग एका गल्लीतून दुसरीत कशी जाते, याचा त्यासाठी हिशोबानं अभ्यास झाला होता. जेलीसारखं चिकटून जळणारं नापाम हार्वर्ड विद्यापीठात १९४२ सालीच तयार झालं होतं. कराचीच्या बंदरात असा कुठलाही अभ्यास न करता तसलंच एक हत्यार रचलं गेलं, आणि रचणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

बुधवार, १२ एप्रिल

जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागलं. स्फोटकं आणणाऱ्या जहाजावर लाल बावटा लावायचा हा जुना रिवाज. तो बावटा लावला गेला नाही. युद्धकाळात तसं कुणीच करत नसे. त्यामागचा विचार सरळ होता: लाल बावटा शत्रूच्या नजरेत भरतो. आता शत्रूला दिसायला नको म्हणून उतरवलेला बावटा आपल्याही माणसांना दिसत नाही, एवढी साधी गोष्ट. २६ वर्षांपूर्वी, डिसेंबर १९१७ मध्ये, कॅनडातल्याच हॅलिफॅक्स बंदरात 'माँ ब्लाँ' हे दारूगोळ्यानं भरलेलं जहाज असंच बावट्याविना शिरलं होतं. त्याला आग लागली आणि ती बघायला लोक खिडक्यांशी येऊन उभे राहिले. स्फोटात बंदर आणि शहराचा मोठा भाग गेला. लष्कराच्या कपाटांत हा धडा लिहिलेला असणारच. कपाट उघडायची सवड युद्धात कुणाला असते?

स्फोटकं थेट धक्क्यावर उतरवायची नव्हती, ती पडावांत उतरवायची होती. पडाव वेळेवर आले नाहीत. तोवर माशांचं खत उतरवलं गेलं. त्याचा वास सगळ्यांनाच नकोसा झाला होता.

शुक्रवार, १४ एप्रिल, दुपारी १२.३०

गोदी कामगारांची जेवणाची सुट्टी झाली. टोळ्या धक्क्यावर आल्या. फाळका तासभर ओस पडला.

आग लागली ती याच्या आगेमागे. नंतरच्या चौकशीत सगळ्यात संभवनीय कारण निघालं ते विडी-सिगारेटचं. कापसाच्या गाठीला ज्वाळा लगेच लागत नाही, ठिणगी गाठीच्या आत शिरून पोखरत बसते. गंजीसारखीच.

या तासाभरात शेजारच्या जहाजांवरच्या काहींना 'फोर्ट स्टिकीन'च्या हवा येण्याच्या नळांतून धुराची रेघ दिसली. कुणी हाक दिली नाही. लाल बावटा असता तर? मला वाटतं, या सगळ्या गोष्टीतली सर्वांत महाग वस्तू म्हणजे तो हातभर तांबडा कपडा. सोन्याच्या १२४ विटा त्याच्यापुढे स्वस्त.

दुपारी १.३० नंतर

जेवून परतलेल्या कामगारांना फाळक्यातून धूर वर येताना दिसला. आरडाओरडा झाला, माणसं बाहेर आली, खलाशांनी आणि गोदीतल्या बंबवाल्यांनी पाण्याचे पाइप खाली सोडले. पाणी वरून जात होतं. आग खाली, गाठींच्या थरांत होती.

मोठ्या मदतीसाठी टेलिफोन करायला माणूस धावला. फोन लागेना. मग त्यानं आगीच्या इशाऱ्याची काच फोडली. काच फोडल्यावर ठाण्याला एवढंच कळतं की इथं आग आहे. कसली, केवढी, कशाच्या शेजारी, ते कळत नाही. साध्या आगीला पाठवतात तसे दोन बंब निघाले.

दुपारी २ ते ३

हा तास सगळ्यात महत्त्वाचा. अजून वेळ होता.

दारूगोळा खात्याचे कॅप्टन ओबर्स्ट जहाजावर पोचले. त्यांनी मालाची यादी मागवून वाचली आणि स्वच्छ सांगितलं: जहाज बुडवा, नाहीतर सगळी गोदी उडेल. गोदीचे जनरल मॅनेजर कर्नल सॅडलर आले. त्यांचं म्हणणं, जहाज ओढून गोदीबाहेर, समुद्रात न्या. मुंबईच्या बंबांचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स आले. त्यांनी आणखी बंब मागवले आणि पाण्याचा मारा वाढवला, कारण आग विझवणं हेच त्यांचं काम. कप्तान नेस्मिथ मध्ये उभे. जहाज त्यांचं आणि सल्ले तिघांचे.

या माणसांना दोष देणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. यातला एकही जण मूर्ख किंवा पळपुटा नव्हता. आपल्या खात्यापुरतं प्रत्येकाचं बरोबर होतं. ओबर्स्ट यांना दारू कळत होती, पण जहाजावर त्यांचा हुकूम चालत नव्हता. सॅडलर यांची गोदी, पण जहाज त्यांचं नव्हे. कूम्ब्स यांचे बंब, पण स्फोटकांचा स्वभाव ओळखणं हे त्यांचं खातं नव्हे. आणि कप्तानानं स्वतःचं जहाज स्वतः बुडवायचं, तेही वरचा लेखी हुकूम नसताना? लष्कर, आरमार, पोर्ट ट्रस्ट, महापालिका आणि जहाज कंपनी अशा पाच घरची माणसं एका डेकवर उभी होती, आणि सगळ्यांना लागू होईल असा एक शब्द बोलायचा अधिकार त्यांतल्या एकालाही नव्हता. लष्करी सज्जता म्हणजे तोफा आणि बॉम्ब किती, असं आपण समजतो. त्या दुपारी बॉम्ब भरपूर होते.

बाहेर धक्क्यावर काम चालूच होतं. शेजारच्या जहाजांना निघून जा असं कुणी सांगितलं नाही. गोदी रिकामी करा असं भोंग्यावरून कुणी ओरडलं नाही. आग लागल्याचं दिसत होतंच, पण गोदीत आग ही काही नवलाई नव्हती.

दुपारी ३ नंतर

जहाजाच्या पोलादी कुशीवर एका जागी रंग फुगून सुटू लागला. आग नेमकी कुठे आहे हे शेवटी जहाजानंच दाखवलं. तिथं पत्रा कापून भोक पाडलं असतं तर पाणी थेट विस्तवावर घालता आलं असतं. गंजी फोडण्यासारखाच हा उपाय, आणि योग्य तोच. गॅसनं पत्रा कापायचं हत्यार आणलं. ते ऐन वेळी चाललं नाही.

एव्हाना ९०० टनांवर पाणी फाळक्यांत गेलं होतं आणि ते पाणी उकळायला लागलं होतं. खालून चूल, वरून उकळी, आणि या दोन्हींच्या मध्ये 'अ' वर्गाचा माल.

३.५०

ज्वाळा फाळक्याबाहेर आल्या. जहाज सोडण्याचा हुकूम झाला. तो खलाशांसाठी होता. बंबवाले पाइप धरून उभेच राहिले, त्यांना मागे या म्हणणारा हुकूम वेगळ्या तोंडून यायचा होता. कप्तान नेस्मिथ आणि त्यांचे मुख्य अधिकारी हेंडरसन उतरले, आणि कुणी मागे तर राहिलं नाही ना हे पाहायला पुन्हा जहाजाकडे गेले. ते परतले नाहीत.

४.०६

गोदीचं घड्याळ इथं थांबलं.

जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या भूकंपयंत्राची सुई हलली, आणि दूर सिमल्यातही नोंद उमटली. पाण्याची भिंत उठली. तिनं सिंदिया कंपनीच्या चार हजार टनी 'जलपद्मा' जहाजाचा मागचा भाग उचलून धक्क्यावरच्या शेडवर नेऊन ठेवला.

आणि मग कापूस. पेटलेल्या गाठी आकाशात उडाल्या आणि गोदीवर, जहाजांवर, गोदामांवर, मांडवीकडच्या दाट वस्तीवर पडल्या. कापसाची गाठ बॉम्बसारखी फुटून संपत नाही, पडेल तिथं जळत बसते. १९८० साली आगलाव्या शस्त्रांबद्दल आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात व्याख्या अशी आहे की जे शस्त्र मुख्यतः आग लावण्यासाठीच बनवलेलं असतं ते आगलावं. या व्याख्येत कराचीचा कापूस बसत नाही. मांडवीतल्या झोपडीवर पडताना त्याला कुणी व्याख्या विचारली नाही.

४.३४

पहिल्या स्फोटानंतर जखमींना ओढायला, आग अडवायला माणसं गोदीकडे धावली. चार नंबरच्या फाळक्यात उरलेली स्फोटकं अजून शाबूत होती आणि जहाजाचा तो अर्धा भाग जळत होता. अठ्ठावीस मिनिटांनी तीही उडाली. हा धडाका पहिल्याहून मोठा. मदतीला आलेले त्यात सापडले.

गिरगावात एका पारशी गृहस्थाच्या घरावर छप्पर फोडून काहीतरी जड येऊन पडलं. उचलून पाहिलं तर सोन्याची वीट. त्यांनी ती इमानानं परत केली. नंतर कितीतरी वर्षं गोदीचा गाळ उपसताना मधूनच एखादी वीट निघायची.

रात्र, आणि पुढे

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. १३ जहाजं कायमची गेली. ५० हजार टनांवर धान्य जळालं, तेही बंगालच्या दुष्काळाचं वर्ष सरून चारच महिने झालेले असताना. मेलेल्यांचा आकडा कुणी ८०० सांगतं, कुणी १,३००. गोदीत त्या दुपारी पोटासाठी हमाली करणारे घाटावरचे, कोकणातले, परप्रांतातले किती होते याचा कागदच नव्हता, तर मोजणार कसे? बंबवाल्यांचा आकडा तेवढा पक्का आहे: ६६. गोदी पुन्हा सुरू करायला आठ हजार माणसं सात महिने मलबा उपसत होती.

चौकशी मंडळ बसलं, मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लिओनार्ड स्टोन त्याचे अध्यक्ष. जपान्यांचा घातपात नव्हता, असं त्यानं सांगितलं. निम्म्या मुंबईनं ते मानलं नाही. विडीच्या थोटकानं एवढं होतं यापेक्षा शत्रूनं केलं हे पचायला सोपं होतं.

बातमी दाबण्याचा हुकूम मात्र त्याच दिवशी निघाला, आणि तो पाचही घरांनी पाळला. दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं मुंबईच्या स्फोटाची हकीकत सविस्तर सांगितली. मुंबईच्या वर्तमानपत्रांना ती सांगायची परवानगी मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत मिळाली नाही. त्या महिनाभरात मुंबईहून सुटणाऱ्या जीआयपी रेल्वेच्या गाड्या दौंड, भिगवण करत रोज जेऊरवरून कुर्डुवाडीकडे जात होत्या. उतरणाऱ्याच्या तोंडून जेवढं निघेल, तेवढंच गावाला कळायचं.