शोभेच्या दारूकामातील दृश्य व नाद : नावांचा पुरावा

शोभेच्या दारूकामाचा अवशेष मागे राहत नाही. नाणे वा ताम्रपट पुन्हा तपासता येतो. आकाशात गेलेला बाण मात्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांबरोबरच विझतो. प्रवाशांची वर्णनेही या कामी तोकडी पडतात. १४४३ मध्ये विजयनगरास आलेल्या अब्दुर्रझाकाने महानवमीच्या उत्सवातील आतषबाजीची नोंद केली आहे. परंतु तिचे सर्व प्रकार विस्ताराशिवाय सांगता येणार नाहीत, अशा आशयाचे लिहून तो पुढे जातो. कोणता प्रकार कसा दिसे आणि कसा वाजे, हे जाणण्यासाठी जुन्या कृती व त्यांची नावे यांकडेच वळावे लागते.

या नावांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी, १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव १४९७ मध्ये गादीवर आला. त्याच्या नावावर असलेल्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथात कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योति, चंपाबाण, पुष्पवर्ति, छुछुंदरीरसबाण अशी नावे येतात. वृक्ष, चवरी, चंद्र, फूल हे सारे डोळ्यांचे विषय आहेत. कानाला आवाहन करणारे नाव यांत एकच, छुछुंदरीचे. आणि त्यातही चिरक्या आवाजाइतकीच जनावराची वेडीवाकडी धाव अभिप्रेत असावी. मराठीतील चिचुंद्री ती हीच. नुसत्या धडाक्यावरून पडलेले नाव या मालिकेत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

याचे कारण दारूच्या गुणधर्मात शोधू नये. सोरा, गंधक व कोळसा यांचे तेच मिश्रण उघड्या तोंडाच्या नळीत फुलांसारखे उसळते आणि घट्ट गुंडाळून कोंडले असता बार होते. फूल व बार यांतील भेद मिश्रणाहून अधिक आवरणाचा आहे. फुलासाठी कारागिरास आणखी काही घालावे लागते, ते म्हणजे पोलादाची पूड. कण बारीक असेल तर ठिणगी नळीच्या तोंडाशीच विझते. जाड कण दूरवर जळत जातो, आणि पोलादातील कर्बामुळे ठिणगीला फाटे फुटतात. कल्पवृक्षाच्या फांद्या त्या ह्या. मात्र दमट हवेत सोरा लोखंडास गंज चढवतो. म्हणून असे काम फार दिवस साठवून ठेवता येत नसे.

रंगाविषयी विशेष सावधगिरी हवी. हरताळ व गंधक यांच्या योगाने पांढरी, स्थिर ज्योत मिळते व चंद्रज्योति हे नाव तिला शोभते. (युरोपीय कारागीर अशा ज्योतीस बंगालचे नाव देत.) जंगालाने फार तर हिरवट झाक येई. भडक तांबडा व हिरवा रंग स्ट्रॉन्शियम व बेरियम यांच्या क्षारांचा असून तो खुलण्यास क्लोरेटाची जोड लागते. क्लोरेटाचा शोध अठराव्या शतकाच्या अखेरचा; दारूकामात त्याचा प्रसार १८३० च्या सुमारास झाला. मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांची लखलख त्याहूनही नंतरची.

या दृष्टीने पेशव्यांच्या बखरीतील ‘दारूच्या लंके’चा प्रसंग पुन्हा वाचावयास हवा. महादजी शिंदे यांनी कोट्याच्या राजाची दिवाळी सवाई माधवरावांस वर्णन करून सांगितली : मध्ये रावण, भोवती राक्षस व वानर, आणि शेपटी पेटताच उडून घराघरांस आग लावणारा दारूचा हनुमान. पेशव्यांच्या आज्ञेने तसाच देखावा पर्वतीच्या पायथ्याशी झाला, असे बखरकार सांगतो. महादजी १७९२ ते १७९४ या काळात पुण्यास होते. तेव्हा प्रसंगाचा काळ आखून घेता येतो. बखर पेशवाईनंतरची असल्याने संभाषणाचा तपशील जपून घ्यावा. परंतु देखाव्याची रचना कारागिरीशी विसंगत नाही. ताणलेल्या दोरीवरून बाण धाववणे ही दारूकामातील परिचित युक्ती होय. अलीकडील ऐतिहासिक कादंबऱ्या व चित्रे अशा प्रसंगी आकाशात तांबडी-हिरवी नक्षत्रे उधळतात. पर्वतीवरून पाहणाऱ्यांस दिसली असेल ती पिवळी-सोनेरी आग, मधूनमधून पांढरा उजेड, आणि बराच धूर.