तार गच्चीवर, माणूस खोलीत



आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर अंथरूण टाकले की वर नुसते आकाश दिसते. हौशी बिनतारीवाल्याच्या गच्चीवर मात्र मध्ये एक तार ताणलेली असते. पाहुणा हटकून विचारतो, "अहो, बिनतारी म्हणता, आणि मग ही तार कशाला?" प्रश्न रास्त आहे. संदेश तारेवाचून जातो खरा. पण त्याला आकाशात सोडायला आणि आकाशातून उतरवून घ्यायला तार लागतेच. तिलाच आपण एरियल म्हणतो.

आता अडचण पहा. ही तार कितीही लांब ठेवून चालत नाही. ७ मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे चाळीस मीटरच्या पट्ट्यात बोलायचे तर साधारण २० मीटर तार हवी. १४ मेगाहर्ट्‌झवर जायचे तर १० मीटर पुरे. शिवाय शेजारच्या भिंती, पत्रे, पावसात भिजलेले आधार, सगळ्यांचा तिच्यावर परिणाम होतो. तार गच्चीवर आणि माणूस खोलीत. दर वेळी शिडी चढून तार कापायची की काय?

तंबोरा आठवा. खुंटी पिळून तार जवळपास सुरात येते. मग गवई बैठकीवरून न उठता मणी सरकवतो आणि सूर नेमका लागतो. बिनतारीवाल्यालाही असाच मणी हवा होता, आणि तोही खोलीत, हाताशी.

जुळणीचा विचार बिनतारीइतकाच जुना आहे. ऑलिव्हर लॉज यांनी १८९७ साली आणि मार्कोनी यांनी १९०० साली जुळवलेल्या मंडलांचे पेटंट मागितले. पण तार दूर ठेवून तिला शक्ती पोचवण्याची एक नामी युक्ती निघाली ती विमानविद्येतून. जर्मनीत झेपेलिन जातीची हवाई जहाजे उडत. त्यांच्या पोटात हायड्रोजन, म्हणजे ठिणगी पडली की भडका. प्रक्षेपण चालू असताना एरियलच्या टोकाशी तर विजेचा दाब फार मोठा असतो. हान्स बेगेरोव यांनी १९०९ साली तोड काढली: एरियल जहाजापासून खाली लोंबते ठेवायचे आणि दोन समांतर तारांच्या जोडीने शक्ती तिथवर न्यायची. धोक्याचा भाग दूर राहिला, यंत्र आणि माणूस जहाजात राहिले. पुढे हौशी लोकांनी ही रचना उचलली आणि तिला लाडाने 'झेप' म्हणू लागले.

गच्चीवरून खिडकीपर्यंत समांतर तारांची जोडी आणायची. खोलीत एक डबा: त्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि एक-दोन फिरते कंडेन्सर. आधी नुसते ऐकायचे आणि कंडेन्सर हळूहळू फिरवायचा. एका जागी ग्राहकातली खरखर एकदम वाढते. जुळणी तिथेच कुठेतरी असते. मग अगदी थोडी शक्ती सोडून, परत येणाऱ्या लहरीचा काटा शून्याकडे झुकेपर्यंत दोन्ही चकत्या आळीपाळीने फिरवायच्या. सापडलेले आकडे वहीत टिपायचे. पूर्वी काटा नसे तेव्हा लहानसा दिवा तारेला जोडून त्याचा उजेड पाहत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. खोलीतली चकती फिरवल्याने गच्चीवरची तार लांब होत नाही. फक्त प्रक्षेपकाला समोरचा भार मानवतो. मधली केबल गोल, एकात एक बसवलेल्या जातीची असेल, तर बेजुळणीची पुष्कळशी शक्ती केबलीतच ऊब होऊन जाते. म्हणून कित्येकजण जुळणीचा डबाच एरियलच्या पायथ्याशी ठेवतात आणि लहान मोटरीने त्याचा कंडेन्सर फिरवतात. बटण मात्र खोलीत, बोटाखाली. आज हेच काम स्वयंचलित डबे काही सेकंदांत करतात. तरी हाताने जुळवणाऱ्याला आपली तार कळते, ती अशी दुसऱ्या कुणाला कळत नाही.

ही विद्या नुसत्या करमणुकीची नव्हे. १९३९ साली महायुद्ध पेटले आणि सरकारने हौशी परवाने रद्द केले. तीन वर्षांनी 'छोडो भारत'चा पुकार झाला. पुढारी तुरुंगात, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप. तेव्हा मुंबईत उषा मेहता, बाबूभाई खाकर आदी तरुण मंडळींनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' उभा केला. उषाताई अवघ्या २२ वर्षांच्या. २७ ऑगस्ट १९४२ रोजी प्रक्षेपण सुरू झाले, ४२.३४ मीटरवर. हिशेब करून पहा: हे होतात सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ. म्हणजे हौशी लोकांचाच चाळीस मीटरचा पट्टा! यंत्र उभारण्यात नरिमन प्रिंटर या हौशी बिनतारीवाल्याचा हात होता, हे कळल्यावर नवल वाटत नाही.

पोलिसांच्या शोधगाड्या फिरत असल्याने जागा वरचेवर बदलावी लागे. जागा बदलली की तार नवी, भिंती नव्या, म्हणून जुळणीही नवी. यंत्र कपाटात लपेल, माणूस गर्दीत लपेल. पण एरियल लपवणे कठीण, आणि बेजुळणीचे एरियल निरुपयोगी. शेवटी जुळणी जाणणाऱ्या माणसाकडूनच पोलिसांना वाट मिळाली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी चालू प्रक्षेपणातच धाड पडली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

आणि आपला मराठवाडा? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना, किल्लारीची भूमी हादरली. हजारो माणसे घराच्या दगडमातीखाली गेली. तारा आणि टेलिफोन कोलमडलेले असताना हौशी बिनतारीवाले आपले संच घेऊन मदतीला धावले. चाळीस मीटरच्या पट्ट्याचा गुण इथे कामी येण्याजोगा आहे. पाच-सहा मीटर उंचीवर आडवी बांधलेली तार लहरी जवळजवळ सरळ वर धाडते. दिवसा त्या वरच्या थरांवरून परतून दोन-तीनशे किलोमीटरांचा मुलूख व्यापतात. किल्लारी ते संभाजीनगर एवढी मजल त्यात बसते. उंच मनोरा लागत नाही. दोन बांबू, एक तार आणि ती जुळवणारा हात लागतो.

परवाना आजही केंद्र सरकारची परीक्षा देऊन मिळतो. तरुण वाचकांनी तो जरूर मिळवावा आणि संच घेतल्यावर स्वयंचलित डब्याची घाई करू नये. एक पावसाळा तरी हातानेच जुळवून पहावे, वहीत आकडे टिपावेत. ती वही कधी कामी येईल, कुणी सांगावे? येऊ नये हीच इच्छा; पण आलीच, तर हात चुकता कामा नये.