विज्ञान केंद्रातील प्रयोगमांडणीचे कूळ

विज्ञान केंद्रात दिसणारी प्रयोगमांडणी, म्हणजे निसर्गातील एखादा नियम प्रेक्षकाला स्वतः करून पाहता यावा म्हणून मुद्दाम घडवलेले उपकरण, हा संग्रहालयांच्या इतिहासात बराच उशिरा जन्मलेला प्रकार आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ मध्ये, आबे ग्रेग्वार यांच्या पुढाकाराने पॅरिस येथे स्थापन झालेल्या ‘कॉन्झर्व्हातोआर’ या यंत्रसंग्रहात यंत्रांची कार्यपद्धती समजावून सांगण्यासाठी निदर्शक नेमण्याची तरतूद होती. परंतु यंत्राला हात लागे तो निदर्शकाचा, प्रेक्षकाने फक्त पाहावयाचे.

हा मध्यस्थ दूर केला तो विजेने. बर्लिन येथे १८८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘उरानिया’ या संस्थेच्या भौतिकी दालनात प्रेक्षकाने बटण दाबताच प्रयोग सुरू होई, आणि हे शक्य झाले याचे कारण असे की, विद्युतमंडल जोडण्या-तोडण्याचे काम कोणत्याही अनभिज्ञ बोटावर निर्धास्तपणे सोपवता येते. म्युनिक येथील ‘डॉइचेस म्युझियम’चे (१९०३) संस्थापक ओस्कार फॉन मिलर हे स्वतः विद्युत अभियंता होते व १८९१ मध्ये लाउफेनहून फ्रांकफुर्टपर्यंत सुमारे १७५ किलोमीटर अंतरावर वीज वाहून नेण्याचा गाजलेला प्रयोग त्यांच्याच पुढाकाराने झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या संग्रहालयात बटणे आणि फिरवावयाचे दांडे यांना एवढे महत्त्व का मिळाले याचे नवल वाटत नाही.

बटणाची मर्यादाही तितकीच उघड आहे: ते दाबल्यावर काय घडावयाचे हे रचनाकाराने आधीच ठरवलेले असते, आणि मुले तर परिणाम पाहण्याआधीच पुढच्या बटणाकडे धावतात. यावरचा खरा उतारा फ्रँक ओपनहायमर यांनी शोधला. अणुबाँबच्या प्रकल्पाचे सूत्रधार रॉबर्ट यांचे हे धाकटे बंधू. पूर्वीच्या कम्युनिस्ट सदस्यत्वामुळे १९४९ मध्ये त्यांना विद्यापीठातील पद गमवावे लागले, आणि कोलोराडोत गुरे पाळून झाल्यावर ते एका खेड्यातील शाळेत विज्ञान शिकवू लागले. विद्यापीठाने ज्याला दूर लोटले त्याच्याच हातून नव्या परंपरेचा पाया घातला जावा, यात नियतीची थोडी थट्टा आहे. पुढे युरोपातील संग्रहालये पाहून आल्यावर त्यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ‘एक्स्प्लोरेटोरियम’ उघडले, जेथे प्रेक्षकाला प्रयोगातील घटक स्वतः बदलून फरक पाहता येई, आणि मांडण्या तयार करणारी कार्यशाळाही सर्वांच्या नजरेसमोर चाले. या मांडण्या कशा बनवाव्यात याची कृती सांगणारी ‘कुकबुक’ नावाची पुस्तके संस्थेने स्वतःच छापली, त्यामुळे त्यांच्या प्रतिकृती जगभर निघाल्या.

भारतात संग्रहालयांची ही शाखा कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयापासून (१९५९) सुरू होते. मुंबईत वरळी येथे नेहरू विज्ञान केंद्राची मुख्य इमारत १९८५ मध्ये खुली झाली. तत्पूर्वीच, १९७९ मध्ये, तेथे विज्ञान उद्यान, म्हणजे उघड्यावर मांडलेल्या प्रयोगांची बाग, सुरू झाले होते. अशा उद्यानात तरफ, कप्पी, झोका यांसारख्या मांडण्यांना प्रेक्षकाचे स्वतःचे वजन व बळ पुरते, विजेची गरज बहुधा लागत नाही. त्या पावसाळ्यात गंजतात मात्र, म्हणून रंगरंगोटी आणि डागडुजी हा त्यांच्या व्यवस्थेचा कायमचा भाग असतो.