मध्यममार्गाचा पराभव : क्रोएशिया, 1990

1989 च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत कोसळली आणि पुढील वर्षी पूर्व युरोपात एकामागून एक बहुपक्षीय निवडणुका झाल्या. त्यांपैकी क्रोएशियातील निवडणूक ख्रिस्ती वाचकाने विशेष लक्षपूर्वक अभ्यासावी अशी आहे. या भूमीत कॅथलिक क्रोएट आणि ऑर्थोडॉक्स सर्ब हे दोन ख्रिस्ती समाज शेजारी राहत होते. तेथे समझोत्याची भाषा बोलणारी एक आघाडी लोकांपुढे उभी राहिली. सुमारे सात मतदारांपैकी एकाने तिला मत दिले. तरीही विधिमंडळात तिचे अस्तित्व नाममात्रच उरले. पुढच्याच वर्षी त्या देशात युद्ध पेटले.

क्रोएशिया त्या वेळी युगोस्लाव्हिया या संघराज्याचा घटक होता. 1991 च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्येत सर्बांचे प्रमाण सुमारे 12 टक्के होते. प्रत्येक समाजाजवळ स्वतःच्या दुःखाची आठवण होती. 1941 ते 1945 या काळात उस्ताशा राजवटीने केलेला संहार सर्बांच्या घरोघरी स्मरणात होता. क्रोएटांना आठवत होते ते 1971 सालचे राष्ट्रीय आंदोलन, जे टिटोंनी मोडून काढले. आणि कॅथलिकांना 1946 साली आर्चबिशप स्तेपिनात्स यांना झालेला 16 वर्षांचा कारावास. पंचेचाळीस वर्षे या आठवणींवर उघड बोलण्यास बंदी होती. बंदीने जखम झाकली जाते, बरी होत नाही.

डिसेंबर 1989 मध्ये क्रोएशियन कम्युनिस्ट लीगने बहुपक्षीय निवडणुका घेण्याचे मान्य केले आणि इवित्सा राचान या तरुण सुधारणावाद्याकडे नेतृत्व दिले. त्यांच्यासमोर सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी होता फ्रान्यो तुजमान यांचा क्रोएशियन लोकशाही संघ. परदेशस्थ क्रोएटांचा पैसा आणि गावोगावच्या शाखा हे त्याचे बळ होते. क्रोएट राष्ट्राची पुनःस्थापना हे त्याचे ब्रीद होते. दुसऱ्या बाजूला योवान राश्कोविच यांनी फेब्रुवारी 1990 मध्ये क्निन येथे सर्बांचा स्वतंत्र पक्ष स्थापन केला.

या सर्वांच्या मधोमध 1 मार्च 1990 रोजी लोक-समझोता आघाडी अस्तित्वात आली. तीत चार पक्ष होते : सामाजिक उदारमतवादी, ख्रिस्ती लोकशाहीवादी, सोशल डेमोक्रॅट आणि मार्को वेसेलित्सा यांचा लोकशाही पक्ष. शिवाय काही मान्यवर अपक्ष होते. त्यांत अग्रभागी होत्या साव्का दाबचेविच-कुचार. 1971 च्या आंदोलनाच्या वेळी त्या क्रोएशियन कम्युनिस्ट लीगच्या प्रमुख होत्या. टिटोंनी त्यांना व त्यांचे सहकारी मिको त्रिपालो यांना त्याच वर्षी पदच्युत केले. त्यानंतर अठरा वर्षे त्या सार्वजनिक जीवनाबाहेर होत्या. आघाडीतील वेसेलित्सा आणि द्राझेन बुदिशा यांनी कारावास भोगला होता. उदारमतवादी पक्षाचे पहिले अध्यक्ष स्लाव्को गोल्डस्टाइन हे ज्यू प्रकाशक होते. त्यांच्या वडिलांची हत्या 1941 साली उस्ताशांनी केली होती. सूड मागण्याचा अधिकार ज्यांना असावा अशीच ही माणसे होती, आणि तीच संयमाची भाषा बोलत होती.

मतदान 22-23 एप्रिल आणि 6-7 मे अशा दोन फेऱ्यांत झाले. निवडणूक कायदा सत्ताधारी कम्युनिस्टांनी केला होता. एका मतदारसंघातून एकच उमेदवार. पहिल्या फेरीत कोणासही बहुमत न मिळाल्यास 7 टक्क्यांहून अधिक मते मिळवणाऱ्यांत दुसरी फेरी, आणि तीत ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी. ही पद्धत मोठ्या पक्षास लाभदायक असते, आणि आपणच सर्वांत मोठे ठरू असा कर्त्यांचा हिशेब होता. विधिमंडळाच्या तीन सभागृहांपैकी मुख्य सभागृहाचा निकाल पाहिला की हा हिशेब कसा उलटला ते कळते. लोकशाही संघाला सुमारे 42 टक्के मते व 80 पैकी 55 जागा. कम्युनिस्टांना 35 टक्के मते व 20 जागा. आघाडीला 15 टक्के मते व केवळ 3 जागा. मतांच्या प्रमाणात जागा मिळाल्या असत्या तर आघाडीला 12 मिळाल्या असत्या आणि कोणाही एका पक्षाला बहुमत लाभले नसते. राज्य चालविण्यासाठी एकमेकांशी बोलणे भाग पडले असते.

तथापि सारा दोष कायद्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. आघाडी मतदानाच्या अवघ्या साडेसात आठवडे आधी जन्मली. चार पक्षांनी आपापली चूल मोडली नाही. शहरी सुशिक्षितांपलीकडे तिचा आवाज फारसा पोहोचला नाही. त्याहून महत्त्वाची उणीव अशी की तिच्यात सर्बांचा एकही पक्ष नव्हता. बहुसंख्य सर्बांनी कम्युनिस्टांना मत दिले, कारण भयाच्या काळात माणूस ओळखीच्या छपराखालीच जातो. ज्याच्याशी समझोता करावयाचा तोच टेबलापाशी नव्हता. आपसांतील मवाळांनी एकत्र येणे ही समेटाची पूर्वतयारी असू शकते; तो समेट नव्हे.

येथे ख्रिस्तसभेचा प्रश्न उपस्थित होतो. ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्ष या आघाडीत होता; परंतु अनेक धर्मगुरूंची सहानुभूती लोकशाही संघाकडे वळली. हे मानवी दृष्टीने समजण्याजोगे आहे. दीर्घकाळ दडपलेल्या समाजाला मोकळा श्वास देणारा प्रत्येक जण मुक्तिदाता वाटतो. पण राष्ट्र आणि कळप ही दोन्ही एकच मानली की मेंढपाळाला कुंपणापलीकडचा शेजारी दिसेनासा होतो. कार्डिनल कुहारिच यांनी ही मर्यादा ओलांडली हे नमूद केले पाहिजे. 1993 साली बॉस्नियात क्रोएट व मुस्लिम यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा त्यांनी क्रोएटांकडून होणाऱ्या अत्याचारांचाही जाहीर निषेध केला. मात्र तोवर बोलण्याचा सोपा काळ निघून गेला होता.

ऑगस्ट 1990 मध्ये क्निन परिसरातील सर्बांनी रस्त्यांवर ओंडके टाकून वाटा अडवल्या. 25 जून 1991 रोजी क्रोएशियाने स्वातंत्र्य घोषित केले. 1995 पर्यंत चाललेल्या युद्धात सुमारे 20,000 माणसे मेली. 1991 साली सर्ब फौजांनी असंख्य क्रोएटांना घराबाहेर काढले; 1995 साली सर्बांचे लोंढे देश सोडून गेले. 2021 च्या जनगणनेत सर्बांचे प्रमाण जेमतेम 3 टक्के उरले होते.

आघाडी निवडणुकीनंतर लवकरच विस्कटली. परंतु जानेवारी 2000 मध्ये, तुजमान यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, प्रमाणशीर पद्धतीने झालेल्या निवडणुकीत राचान आणि बुदिशा यांच्या पक्षांची युती विजयी झाली. श्रीमती दाबचेविच-कुचार यांनी 1990 मध्ये स्थापन केलेल्या लोकपक्षाचे स्त्येपान मेसिच राष्ट्राध्यक्ष झाले. हेच मेसिच 1990 साली लोकशाही संघाचे पहिले पंतप्रधान होते. ज्या मताला त्या वसंतात तीन जागा मिळाल्या, तेच मत दहा वर्षांनी देशाला हवेसे वाटले.

हा उशिरा आलेला न्याय म्हणून आपण समाधान मानावे काय? मधल्या दहा वर्षांतील कबरी तसे मानू देत नाहीत. भयाचे दिवस येण्यापूर्वीच, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला सोबत बसवून समेटाचे काम झाले पाहिजे. निवडणूक जाहीर झाल्यावर त्याला फार थोडा वेळ उरतो.