गीतरामायणाचे मूळ गायक

धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात वाल्मीकि रामायणाची एक पोथी जतन केलेली आहे. ती समर्थ रामदासांच्या हातची, हे तिचे मोल. याच धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे यांनी देह ठेवला आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. कागद कोणाचा, कोणत्या काळचा, अस्सल की नक्कल, हे ठरविल्यावाचून त्यावर विसंबू नये, ही त्यांची शिकवण. पोथीला लावावयाची ही कसोटी ध्वनिमुद्रिकेलाही लावावी लागते. आणि रामायणाच्याच एका गाजलेल्या कार्यक्रमाच्या बाबतीत तिची गरज विशेष भासते.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तेथील सीताकांत लाड यांच्या आग्रहावरून ग. दि. माडगूळकरांनी रामकथा गीतांत गुंफली व सुधीर फडके यांनी तिला चाली दिल्या. पहिले गीत शुक्रवार, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस ऐकू आले. दर शुक्रवारी सकाळी नवे गीत, आणि शनिवारी व रविवारी त्याचेच पुनःप्रक्षेपण, असा क्रम होता. जळगावास आकाशवाणीचे केंद्र झाले ते १९७६ साली. तोवर खानदेशच्या श्रोत्यांची भिस्त दूरच्या केंद्रांवरच होती.

गीतांची संख्या ५६ का, याचा उलगडा पंचांगात सापडतो. एका रामनवमीपासून दुसरीपर्यंत एरवी सुमारे ३५४ दिवस जातात. शुक्रवारी आरंभ केला तर त्या अवधीत ५१ शुक्रवार येतात आणि समाप्तीची रामनवमी धरून ५२ गीते होतात. मूळ योजना तेवढीच होती. परंतु १९५५ साली भाद्रपद अधिक आला. पुढली रामनवमी १९ एप्रिल १९५६ रोजी, गुरुवारी पडली. मधले अंतर ३८४ दिवसांचे. त्यात ५५ शुक्रवार व अखेरची रामनवमी मिळून बरोबर ५६ होतात. पंचांगाची साक्ष अशी चोख आहे.

आवाजांची साक्ष मात्र लोकांच्या स्मरणात पालटली आहे. आज गीतरामायण म्हणताच कानी येतो तो एकट्या फडक्यांचा कंठ. परंतु प्रक्षेपणात पात्रागणिक गायक वेगळे होते. रामाची गीते फडके गात, तर सीतेची माणिक वर्मा. सीतेचे एक गीत लता मंगेशकरांनी गाइले. वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, ललिता फडके यांचेही सूर त्या प्रक्षेपणात होते. रामाचा विषाद एका कंठातून आणि सीतेचा विलाप दुसऱ्या कंठातून यावा, ही त्या रचनेतली मूळ नाट्यमयता होय.

पुढे फडक्यांनी ही सारी गीते गावोगावच्या सभांतून एकट्याने गाइली, आणि १९६५ साली हिज मास्टर्स व्हॉइसने त्यांच्याच आवाजात १० तबकड्यांचा संच काढला. तो संच घरोघर गेला. जळगाव-धुळ्याच्या ज्या घरांत त्या तबकड्या वाजल्या, तेथील मुलांनी त्यांनाच मूळ प्रक्षेपण मानले तर नवल नाही. नक्कल सुंदर असली म्हणजे अस्सलाची चौकशी कोणी करीत नाही. तबकडी खोटी नव्हे. ती स्वतंत्र, नंतरची आणि थोर कृती आहे. परंतु ती १९५५ ची साक्ष नव्हे.

माडगूळकर १९७७ साली गेले, वसंतराव १९८३ साली, माणिक वर्मा १९९६ साली, फडके २००२ साली आणि लता मंगेशकर २०२२ साली. प्रत्यक्ष गाणाऱ्यांना विचारून घेण्याचा मार्ग असा एकेक करून मिटत जातो. मागे उरतात ते त्या काळचे छापील कार्यक्रम, वृत्तपत्रांचे अंक आणि ज्यांनी त्या सकाळी कान देऊन ऐकले त्यांची टिपणे. एखाद्या जुन्या वहीत शुक्रवारची तारीख व समोर गायकाचे नाव लिहिलेले आढळले, तर ती वही रद्दीत देऊ नये. राजवाड्यांनी दप्तरे धुंडाळली ती अशाच कागदांसाठी.